जॉर्ज मायकल गेल्यावर तो नव्याने का ऐकू आला?

२५ डिसेंबर २०१६ च्या रात्री ब्रिटनमधली बहुतेक घरं नाताळच्या जेवणानंतर सुस्तावलेली होती, तेव्हा बातमी आली की ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकल गेला. वय ५३. ऑक्सफर्डशरमध्ये थेम्स नदीच्या काठी गोरिंग नावाचं लहानसं गाव आहे, तिथल्या घरी त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जानेवारीत डेव्हिड बोवी, एप्रिलमध्ये प्रिन्स आणि नोव्हेंबरमध्ये लेनर्ड कोहेन गेले होते. वर्ष संपायला सहा दिवस उरलेले असताना हा आणखी एक घाव बसला. तोही नेमका त्या दिवशी, ज्या दिवशी त्याचं 'लास्ट ख्रिसमस' जगभर दुकानांत, रेडिओवर, घराघरांत वाजत होतं. आपल्याकडेही वसई-वांद्र्यात आणि गोव्यात डिसेंबर लागला की हे गाणं कानावर पडतंच.

पुढच्या आठवडाभरात जे घडलं ते समजून घेण्यासारखं आहे. त्याआधीची दहाएक वर्षं वर्तमानपत्रांत जॉर्ज मायकलचं नाव यायचं ते गाडीचा अपघात, अमली पदार्थ, कोर्ट, तुरुंग अशा शब्दांच्या सोबतीने. त्याच्यावर विनोद करणं फार सोपं झालं होतं. आणि आता त्याच वर्तमानपत्रांत तो आपल्या काळातला मोठा गीतकार, विरळा आवाज, गाजावाजा न करता मदत करणारा माणूस ठरला. 'मेल्यावर सगळेच चांगले होतात' असं म्हणून हा विषय झटकून टाकता येईल. मला ते पटत नाही. लोक एका रात्रीत उदार झाले नव्हते. ज्या चाहत्यांना त्याचं मोल पहिल्यापासून ठाऊक होतं, त्यांचं बोलणं आता कुणीतरी ऐकून घेऊ लागलं, इतकंच. हे कसं झालं ते नीट पाहायचं तर आधी एका साध्या प्रश्नाकडे वळावं लागेल.

कधीही न भेटलेल्या माणसासाठी रडू का येतं?

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक निबंध लिहिला. टीव्ही तेव्हा नुकताच घराघरांत आला होता. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असं प्रेक्षकांना वाटतं, रोज भेटल्यासारखा त्याच्याशी परिचय वाढत जातो, पण त्याला मात्र आपण कोण हे माहीतच नसतं, हे त्यांनी नोंदवलं. या एकतर्फी जवळिकीला त्यांनी वेगळं नाव दिलं आणि पुढे मानसशास्त्रात त्यावर बरंच काम झालं. महत्त्वाची गोष्ट अशी की असं वाटणं हा वेडेपणा मानला जात नाही. ज्याचा आवाज आपण वर्षानुवर्षं ऐकतो त्याची ओळख मेंदू शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ओळखीपेक्षा फार वेगळ्या कप्प्यात ठेवत नाही.

गायकाच्या बाबतीत ही जवळीक नटापेक्षाही घट्ट होते. नट दर सिनेमात वेगळा माणूस असतो, गायकाचा आवाज तोच राहतो. शिवाय गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं जातं. सिनेमा आपण दोनदा, फार तर चारदा पाहतो. आवडतं गाणं शेकडो वेळा ऐकतो, आणि ते ऐकताना आपण स्वतः कुठे होतो, कुणासोबत होतो, कशाने हिरमुसलो होतो हे सगळं त्या चालीला चिकटून बसतं. १९८४ साली चौदा वर्षांची असलेली लंडनची मुलगी २०१६ मध्ये शेहेचाळीस वर्षांची बाई होती. तिचं पहिलं प्रेम, मोडलेलं लग्न, बाळंतपण, आईचं आजारपण, यातल्या प्रत्येक टप्प्यावर तो आवाज कुठेतरी होता. तो थांबला तेव्हा तिला आपल्याच आयुष्याची एक मोठी लांबी एकदम मोजून हातात दिल्यासारखं वाटलं असणार.

पण या दुःखाला समाजात जागा नसते. आपल्याकडे घरातलं माणूस गेलं तर भेटायला येणारे असतात, दहावं-तेरावं असतं, ऑफिसात कुणी चार दिवस काम सांगत नाही. आवडता गायक गेला म्हणून कुणी रजा मागत नाही, आणि मागितली तर लोक हसतील. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ च्या सुमारास अशा दुःखांबद्दल लिहिलं: जी खरी असतात, पण ती करायचा तुम्हाला हक्कच नाही असं आजूबाजूचे मानतात. चाहत्यांचं दुःख अगदी या प्रकारातलं. म्हणून ते आपले विधी स्वतःच तयार करतात. लंडनच्या हायगेट भागात जॉर्जच्या घरासमोर एक छोटी बाग आहे. तिथे लोकांनी फुलं, मेणबत्त्या, हाताने लिहिलेली पत्रं, जुने फोटो आणून ठेवायला सुरुवात केली. गोरिंगच्या घराबाहेरही तसंच झालं. अंत्यसंस्कार मात्र लांबले, कारण मृत्यूचं कारण ठरायला वेळ लागला. मार्च २०१७ मध्ये निष्कर्ष आला: हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगलं होतं, त्या स्नायूला दाह होता आणि यकृतावर चरबी साठली होती. मृत्यू नैसर्गिक होता. मधल्या दोन-अडीच महिन्यांत अफवांना ऊत आला होता आणि चाहते त्यांच्याशी हिरिरीने भांडत होते. २९ मार्चला हायगेटच्या दफनभूमीत, त्याच्या आईच्या कबरीजवळ, मोजक्या माणसांच्या उपस्थितीत त्याला पुरलं. चाहत्यांना त्याचं दर्शन मिळालं नाही, त्यामुळे ती बागच त्यांची जागा होऊन बसली.

आता या चाहत्यांविषयी. यात बायका बहुसंख्य होत्या, आणि त्याच्याविषयीच्या जुन्या तुच्छतेचं मूळ मला इथेच दिसतं. पौगंडवयातल्या मुली ज्याच्यासाठी किंचाळतात तो कलावंत हलकाच असणार, असं संगीत समीक्षकांनी मनाशी धरलेलं होतं. आणि मुली किंचाळत होत्या यात शंकाच नाही. उत्तर लंडनमधल्या ग्रीक सायप्रसी रेस्टॉरंटवाल्याचा हा मुलगा, जन्म २५ जून १९६३, खरं नाव जॉर्जिओस किरियाकोस पानायिओतू. शाळेतला मित्र अँड्र्यू रिजली याच्यासोबत त्याने 'व्हॅम!' ही जोडी काढली. पांढरे टी-शर्ट, चमकदार केस, उड्या मारत गायलेली गाणी. १९८५ च्या एप्रिलमध्ये ही जोडी चीनमध्ये जाऊन गायली, तेव्हा पाश्चात्त्य पॉप तिथे जवळपास अनोळखी होतं. १९८६ च्या जूनमध्ये वेम्ब्ली स्टेडियमवर निरोपाचा कार्यक्रम करून दोघांनी जोडी मोडली. हे सगळं फार चकचकीत होतं, आणि चकचकाटाखाली काय आहे हे बघायची समीक्षकांना गरज वाटली नाही.

'केअरलेस व्हिस्पर' घ्या. चाल सुचली तेव्हा जॉर्ज सतरा वर्षांचा होता आणि बसमध्ये बसला होता. हे गाणं पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालं ते अमेरिकेत, जेरी वेक्सलर यांच्या देखरेखीखाली. वेक्सलर म्हणजे अरीथा फ्रँकलिन आणि रे चार्ल्स यांच्यासोबत काम केलेला दिग्गज निर्माता. विशीतल्या जॉर्जला ते ध्वनिमुद्रण पसंत पडलं नाही. त्याने ते बाजूला ठेवलं आणि लंडनला येऊन स्वतः निर्माता होऊन गाणं पुन्हा उभं केलं. सॅक्सोफोनचा तो प्रसिद्ध तुकडा त्याला हवा तसा वाजेपर्यंत एकामागून एक वादक येऊन गेले. शेवटी स्टीव्ह ग्रेगरी यांनी वाजवलेला त्याने ठेवला. गाणं ऐकताना एक गोष्ट करून बघा: खालची स्वरसंगती ऐका. कडवं आणि ध्रुवपद दोन्हींखाली तीच चार स्वरसंघांची (कॉर्ड्सची) साखळी फिरत राहते. वरची चाल बदलते, आवाज चढतो-उतरतो, जमीन मात्र तीच. अपराधी माणूस एकाच विचारात गोल गोल फिरतो, तसं ते गाणं फिरतं. हे योगायोगाने होत नाही.

'लास्ट ख्रिसमस' तर त्याने जवळजवळ एकट्यानेच केलं. १९८४ च्या ऑगस्टमध्ये, भर उन्हाळ्यात, लंडनच्या एका स्टुडिओत नाताळाची सजावट लावून. ड्रम मशीन, सिंथेसायझर, अगदी घुंगरांसारख्या वाजणाऱ्या त्या नाताळी घंटासुद्धा त्यानेच वाजवल्या. तो काही तयारीचा कीबोर्डवादक नव्हता, म्हणून त्या सुरावटी साध्या आहेत, आणि त्या साधेपणामुळेच त्या कानात बसतात. त्या वर्षी ते दुसऱ्या क्रमांकावर अडलं, कारण पहिल्या क्रमांकावर इथियोपियातल्या दुष्काळासाठी अनेक गायकांनी मिळून केलेलं गाणं होतं, ज्यात स्वतः जॉर्जही गायला होता. 'लास्ट ख्रिसमस'ची मिळकतही त्याने त्याच मदतीला दिली.

१९८७ च्या 'फेथ'ला अमेरिकेत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. गाणी जवळपास सगळी त्याचीच, निर्मिती त्याची, बरीच वाद्यंही त्यानेच वाजवलेली. आणि तरी लोकांच्या डोळ्यांपुढे राहिलं ते कातडी जाकीट, दाढीचे खुंट आणि जीन्स. याचा त्याला इतका वीट आला की १९९० च्या पुढच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याने स्वतःचा फोटो येऊ दिला नाही आणि चित्रफितींत दिसायला नकार दिला. त्यातल्या एका गाण्याची चित्रफीत डेव्हिड फिंचर यांनी केली. पाच नामवंत मॉडेल त्याच्या जागी ओठ हलवतात आणि 'फेथ'च्या काळातलं ते जाकीट चक्क जळताना दिसतं. मग त्याने सोनी कंपनीवर खटला भरला: करार इतका लांब आणि एकतर्फी आहे की त्याने माझ्या कामावरच बंदी आल्यासारखी आहे, असा त्याचा दावा. जून १९९४ मध्ये तो हरला. १९९० ते १९९६ या सहा वर्षांत त्याचा एकही नवा स्टुडिओ अल्बम आला नाही. कोट्यधीश गायकाचा हट्ट, असं तेव्हा सरसकट लिहिलं गेलं.

या सहा वर्षांत प्रत्यक्षात काय चाललं होतं, ते कळल्यावर चाहत्यांना त्याचा सगळा संगीतप्रवास उलटा वाचावा लागला.

जानेवारी १९९१ मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या कार्यक्रमात त्याची अँसेल्मो फेलेपाशी भेट झाली. ते त्याचं पहिलं खरं प्रेम, असं तो पुढे सांगत आला. काही महिन्यांतच अँसेल्मो आजारी पडला. तो एचआयव्हीबाधित होता, आणि तेव्हा या आजारावर परिणामकारक उपचार नव्हते. ते १९९६ च्या आसपास आले. २० एप्रिल १९९२ ला वेम्ब्लीवर 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. फ्रेडी एड्सनेच गेला होता. जॉर्जने त्या दिवशी फ्रेडीचं 'समबडी टू लव्ह' म्हटलं, आणि त्या दिवसातलं ते सर्वोत्तम गायन होतं हे तेव्हाच सगळ्यांनी मान्य केलं. पण समोरच्या गर्दीत अँसेल्मो उभा आहे, आणि गाणाऱ्याला त्या आजाराची भीती पोखरते आहे, हे हजारो प्रेक्षकांपैकी कुणाला माहीत नव्हतं. मार्च १९९३ मध्ये अँसेल्मो गेला. त्यानंतर जॉर्जने आईवडिलांना पत्र लिहून आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. जगाला तो सांगू शकला नाही. एड्सच्या त्या काळात आई रोज काळजीने झुरेल, ही भीती आपल्या गप्प राहण्यामागे होती, असं त्याने पुढे सांगितलं होतं.

म्हणजे डोका यांनी वर्णन केलेलं, जगापुढे करता न येणारं दुःख जॉर्ज स्वतः कित्येक वर्षं वाहत होता. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो. १९९६ चा 'ओल्डर' त्याने अँसेल्मोला आणि ब्राझीलचे संगीतकार अंतोनिओ कार्लोस जोबिम यांना अर्पण केला. 'जीझस टू अ चाइल्ड' हे त्यातलं पहिलं गाणं अँसेल्मोसाठीच होतं, आणि ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पण कोट्यवधी ऐकणाऱ्यांना ते कुणासाठी आहे हे ठाऊक नव्हतं. त्याच अल्बममधलं 'फास्टलव्ह' नाचायचं गाणं म्हणून क्लबांमध्ये वाजत राहिलं. वरवर ते एका रात्रीपुरत्या सोबतीचं गाणं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रॅमीच्या मंचावर अडेलने त्याला श्रद्धांजली म्हणून तेच गाणं निवडलं, पण लय पार मंद करून, तंतुवाद्यांच्या साथीने. सुरुवात चुकली म्हणून ती मध्येच थांबली, माफी मागितली आणि पुन्हा पहिल्यापासून गायली. ठेका काढून घेतल्यावर शब्द उघडे पडले. गाण्यातला माणूस कुणाच्या तरी आठवणीने कासावीस आहे, ती आठवण टाळण्यासाठी रात्री बाहेर पडलाय, हे वीस वर्षं त्या गाण्यावर नाचणाऱ्यांना त्या रात्री ऐकू आलं. पुनर्मूल्यांकन हा जड शब्द आपण वापरतो, त्याचा साधा अर्थ मला यापेक्षा चांगला दाखवता येणार नाही. गाण्यातला एक शब्दही बदलला नव्हता.

१९९८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत बेव्हर्ली हिल्सच्या एका बागेतल्या सार्वजनिक स्वच्छतागृहात साध्या वेशातल्या पोलिसाने त्याला अटक केली. त्याला दंड झाला आणि ८० तासांची समाजसेवा करावी लागली. ब्रिटिश टॅब्लॉइड वर्तमानपत्रांनी त्याच्याच गाण्यांच्या नावांवर कोट्या करत मथळे दिले. अशा प्रसंगी कलावंताने तोंड लपवायचं, मग डोळ्यांत पाणी आणून क्षमा मागायची, असा तेव्हाचा रिवाज. जॉर्ज काही दिवसांतच टीव्हीवर मुलाखतीला बसला, आपण समलिंगी आहोत हे सांगितलं, आणि त्याची लाज वाटत नाही असंही. त्याच वर्षी पोलिसांची खिल्ली उडवणारं एक डिस्को गाणं काढून तो नाचला.

ते वर्ष लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये तेव्हा शाळांमधून समलैंगिकतेचा 'प्रसार' करू नये असं सांगणारं १९८८ चं कलम लागू होतं. इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत टिकलं. संमतीचं वयही समलिंगी पुरुषांसाठी वेगळं, अधिक होतं. इंग्लंडमध्ये समलिंगी विवाह २०१४ मध्ये आले. जॉर्ज गेला तेव्हा देशाची नजरच बदललेली होती, आणि १९९८ च्या मथळ्यांकडे लोक आता शरमेने पाहत होते. आपल्यालाही हे परकं वाटायचं कारण नाही. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत आपल्यासाठी लिहून ठेवलेलं ३७७ वं कलम सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीपुरतं रद्द केलं ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, त्याच्या मृत्यूनंतर पावणेदोन वर्षांनी.

मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत आणखी एक गोष्ट झाली, जिने त्याची प्रतिमा सर्वात जोरात हलवली. ज्यांनी गुपित राखायचं वचन दिलं होतं, ते त्या वचनातून मोकळे झाले. मुलांसाठी मदतवाहिनी चालवणाऱ्या 'चाइल्डलाइन'च्या संस्थापक एस्थर रँट्झन यांनी सांगितलं की 'जीझस टू अ चाइल्ड'ची मिळकत जॉर्ज अनेक वर्षं या संस्थेला देत आला, आणि हे कुणाला कळू नये अशी त्याची अट होती. टीव्ही निर्माते आणि निवेदक रिचर्ड ऑस्मन यांनी सांगितलं की एका खेळाच्या कार्यक्रमात आलेल्या स्त्रीने टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारासाठी १५,००० पौंड हवे आहेत असं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी जॉर्जने गुपचूप फोन करून ती रक्कम दिली. बेघरांच्या निवाऱ्यात तो ओळख न देता काम करायचा, बिल देताना नर्सिंग शिकणाऱ्या वेट्रेसला त्याने मोठी रक्कम दिली, अशाही आठवणी लोकांनी सांगितल्या. यातल्या संस्थांनी सांगितलेल्या गोष्टी भक्कम आहेत. एकेकट्या माणसांच्या आठवणी तपासणं अवघड, त्यामुळे त्या तशाच धरून ऐकाव्यात. काही गोष्टी मात्र आधीपासून जगासमोर होत्या आणि कुणी त्यांची फारशी दखल घेतली नव्हती. १९८४ मध्ये संपकरी खाणकामगारांच्या मदतीसाठी 'व्हॅम!' गायलं होतं. आईच्या आजारपणात परिचारिकांनी केलेल्या सेवेची जाण ठेवून २००६ च्या डिसेंबरमध्ये त्याने लंडनमध्ये सरकारी आरोग्यसेवेतल्या परिचारिकांसाठी विनामूल्य कार्यक्रम केला होता. २०११ मध्ये व्हिएन्नात न्यूमोनियाने मरता मरता वाचल्यावर पुढच्या वर्षी तिथे परत जाऊन गायला, तेव्हा रुग्णालयातल्या लोकांसाठी त्याने तिकिटं राखून ठेवली होती. बातमी कशाची होते आणि कशाची होत नाही, हे या यादीकडे पाहिलं की कळतं.

इथे एक काळजी घ्यावी लागते. पारडं एकदम दुसऱ्या बाजूला झुकवून त्याचा संत करणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल. तो नशेच्या अंमलाखाली गाडी चालवायचा, एकदा नव्हे. २०१० मध्ये त्याची गाडी हॅम्पस्टेडमधल्या एका दुकानावर आदळली. त्याला आठ आठवड्यांची शिक्षा झाली, त्यातले चार आठवडे तो तुरुंगात होता. कुणी फुटपाथवरून चालत असतं तर ते मेलं असतं. दुःखाने माणूस नशेकडे गेला हे समजू शकतं, पण रस्त्यावरच्या परक्या माणसाचा जीव त्या दुःखाची किंमत असू शकत नाही. त्याच्यावर खरं प्रेम करणारे चाहते ही गोष्ट लपवत नाहीत, असं मला त्यांचं बोलणं वाचताना दिसलं आहे, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

मृत्यूनंतरच्या आठवणींमागे पैशाचं गणितही असतं. कलावंत गेल्यावर त्याचे हक्क वारसांकडे आणि कंपन्यांकडे राहतात, जुने अल्बम नव्या वेष्टनात येतात, माहितीपट निघतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये १९९० चा तो चेहरा नसलेला अल्बम पुन्हा काढला गेला आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच महिन्यात 'फ्रीडम' हा माहितीपट टीव्हीवर आला, ज्यावर जॉर्ज अखेरच्या दिवसांपर्यंत काम करत होता. त्यात तो स्वतः अँसेल्मोविषयी, खटल्याविषयी बोलतो. म्हणजे स्वतःचं पुनर्मूल्यांकन त्यानेच सुरू करून ठेवलं होतं. लोकांनी ते पुरं केलं.

'लास्ट ख्रिसमस'चं पुढे काय झालं, तेही याच गणितात बसतं. २०१४ पासून ब्रिटनच्या गाण्यांच्या क्रमवारीत ऑनलाइन ऐकणंही मोजलं जाऊ लागलं. आधी रेकॉर्ड विकत घेतली की ती एकदाच मोजली जायची, मग तुम्ही ती हजारदा ऐका. आता दर डिसेंबरचं प्रत्येक ऐकणं मोजलं जातं. त्यामुळे जुनी गाणी परत वर येऊ लागली, आणि चाहत्यांनी जॉर्जला जिवंतपणी न मिळालेला तो पहिला क्रमांक मिळवून द्यायचं मनावर घेतलं. दर नाताळात ते एकमेकांना आठवण करून देत. १ जानेवारी २०२१ च्या यादीत, निघाल्यानंतर ३६ वर्षांनी, गाणं पहिलं आलं. नाताळच्या आठवड्यातला मानाचा पहिला क्रमांक २०२३ मध्ये मिळाला आणि २०२४ मध्ये पुन्हा. २०२३ च्याच नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचं नाव गेलं, आणि मंचावरून त्याची ओळख करून दिली ती अँड्र्यू रिजलीने. 'व्हॅम!'मध्ये अँड्र्यू नेमकं काय करायचा, यावर लोक वर्षानुवर्षं हसले होते. शाळेत नव्याने आलेल्या, बुजऱ्या, जाड चष्म्याच्या मुलाला हात धरून गाण्याकडे नेणारा तोच होता, हेही या सगळ्या ओघात लोकांना उमगलं.

हायगेटच्या बागेतली ती फुलं-पत्रं आता नाहीत. २०१८ मध्ये कुटुंबीयांनी विनंती केली की शेजाऱ्यांना त्रास होतो, वस्तू उचलाव्यात. चाहत्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी येऊन पत्रं, फोटो, झेंडे आपापल्या घरी नेले. जगभरचे त्याचे चाहते २५ जूनला आणि २५ डिसेंबरला आजही एकमेकांना आवर्जून लिहितात.

ज्यांनी जॉर्ज मायकलची फक्त ती दोन-तीन प्रसिद्ध गाणी ऐकली आहेत, त्यांनी 'ओल्डर' सलग ऐकावा, हेडफोन लावून, रात्री. त्याचा श्वास मायक्रोफोनच्या किती जवळ आहे ते कळेल. आणि त्यानंतर २००४ च्या 'पेशन्स'मधलं 'माय मदर हॅड अ ब्रदर' ऐकावं. त्याच्या आईला एक भाऊ होता, ज्याने आत्महत्या केली. तो समलिंगी होता असं घरच्यांना वाटत असे. हे गाणं त्या मामाला उद्देशून आहे: तू थोडा थांबला असतास तर काळ बदललेला पाहिला असतास, अशा अर्थाचं. त्याच्या मृत्यूनंतर इतकं लिहिलं गेलं, पण या गाण्याविषयी अजूनही फार कमी बोललं जातं, आणि माझ्या मते त्याने लिहिलेल्या सर्वोत्तम पाच गाण्यांत ते येतं.